चाक खोलायला किती हवा लागते?

मोटारीचं चाक चार किंवा पाच नटांवर बसलेलं असतं. ते नट खोलायला काय वापरावं, हा प्रश्न तसा किरकोळ. पण गॅरेज टाकायला निघालेला तरुण, टायरच्या दुकानाचा जुना मालक आणि दारात दोन गाड्या असलेला हौशी गृहस्थ यांना विचारून बघा. तिघांची तीन उत्तरं येतील. एक म्हणेल हवेची गन आणि कॉम्प्रेसर, दुसरा म्हणेल बॅटरीची गन, तिसरा म्हणेल लांब दांड्याचा पाना आणि दोन हात. कॉम्प्रेसर घ्यायचा ठरला की पुढचा प्रश्नही ठरलेला: "किती एचपीचा घेऊ?" दुकानदार त्याच भाषेत उत्तर देतो आणि व्यवहार अश्वशक्तीवर होऊन जातो. या साऱ्या वादात आज कोणती गोष्ट कुठे येऊन ठेपली आहे, एवढंच इथे पाहायचं आहे.

आधी नटाचं म्हणणं

नट किती आवळायचा हे गाडी बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं आणि गाडीबरोबरच्या पुस्तिकेत छापलेलंही असतं. लहान मारुतीला 85 न्यूटन-मीटरच्या आसपास, बहुतेक हॅचबॅक आणि सेडानना 100 ते 110, फोक्सवॅगन-स्कोडाला 120. (या शेवटच्या दोघांना नट नसतात, बोल्ट असतात, आणि त्यांना 17 मिमीची गोटी (सॉकेट) लागते. मारुतीला 19 ची, ह्युंदाई-टोयोटाला बहुतेक 21 ची.) डिकीतला पाना जेमतेम वीतभर लांब असतो. त्यावर 110 न्यूटन-मीटर मिळवायचे तर टोकाशी साधारण 45 किलोंचा जोर द्यावा लागतो. कोणत्याही धडधाकट माणसाला तो जमतो.

पण खोलायच्या वेळी पुस्तिकेतला आकडा कामाचा राहत नाही. मधल्या काळात गंज चढलेला असतो, आणि आधीच्या माणसाने किती आवळलं होतं ते त्याचं त्यालाच माहीत. मागच्या पावसाळ्यात कराडच्या अलीकडे माझ्या गाडीचं मागचं चाक बसलं. दोनच दिवसांपूर्वी एका दुकानात व्हील अलाइनमेंट करून घेतलं होतं. जॅक लावण्याआधी नट ढिले करावेत म्हणून पाना घातला, हाताने ओढला, मग त्यावर उभा राहिलो. 70 किलो वजन वीतभर दांड्यावर, म्हणजे 170 न्यूटन-मीटरच्या आसपास. नट जागचा हलला नाही. शेवटी पलीकडच्या ढाब्याशेजारचा ट्रकचं पंक्चर काढणारा माणूस तीन फुटी लोखंडी पाइप घेऊन आला, पान्याच्या दांड्यावर चढवला आणि एका हाताने दाबला. 'कट्ट' असा आवाज झाला. नट तुटला की सुटला हे कळायला क्षणभर लागलं. सुटला होता.

तेव्हा अवजार निवडताना 110 हा आकडा धरून चालत नाही. खोलताना 250-300, कधी त्याहूनही जास्त लागेल असंच धरावं लागतं. पुढचा सगळा वाद या फरकातून निघतो.

हवेवर चालणारी अवजारं कुठून आली

दाबलेल्या हवेने काम करून घेणं जुनंच. आल्प्स पर्वतातल्या माँ सेनी बोगद्यात 1861 पासून हवेवर चालणारी खडक फोडायची यंत्रं लावली होती. नट खोलणारी गन मात्र विसाव्या शतकातली. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रॉबर्ट पॉटला तिचं पेटंट 1935 साली मिळालं, आणि पुढे ते हक्क इंगरसोल-रँड कंपनीकडे गेले. पॉटची युक्ती अशी: नट एकसारखा पिळत बसण्याऐवजी आत एक हातोडा फिरवत ठेवायचा आणि त्याचे फटके नटाला बसू द्यायचे. हवेने पंखासारखी पाती फिरतात, त्यांच्याबरोबर हातोडा फिरतो, नट अडला की हातोडा ऐरणीवर आदळतो, सुटतो, पुन्हा फिरून आदळतो. मिनिटाला हजारावर फटके बसतात. फटका क्षणभराचा असल्यामुळे त्याचा उलटा झटका मनगटापर्यंत फारसा पोचत नाही. म्हणूनच एरवी दोन माणसांनी ओढायचा नट एक बारीक चणीचा पोरगा एका हाताने खोलतो.

आपल्याकडे कॉम्प्रेसर बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्यांपैकी किर्लोस्कर न्यूमॅटिक 1958 साली पुण्यात सुरू झाली, एल्जी 1960 साली कोइमतूरला. तरीही कित्येक वर्षं रस्त्याकडेच्या दुकानात कॉम्प्रेसर असायचा तो टायरात हवा भरायला. चाक खोलायला क्रॉस पाना आणि पाइप. ट्यूबलेस टायर आणि अलाइनमेंटची यंत्रं आली, दिवसाला चाळीस-पन्नास चाकं उतरू लागली, आणि मग गन ही चैन राहिली नाही.

हवेची बाजू: मोटर, टाकी आणि नळी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

मोटारीच्या चाकांसाठी, गोटी ज्यावर बसते तो चौकोन अर्धा इंची असलेली गन लागते. छोट्या मालवाहू गाड्यांना पाऊण इंची, ट्रक-बसला एक इंची. अर्ध्या इंची गनच्या खोक्यावर हवेचा खप लिहिलेला असतो 4 ते 5 सीएफएम, म्हणजे मिनिटाला तितके घनफूट. हा आकडा वाचून माणूस तेवढीच हवा देणारा कॉम्प्रेसर घेतो आणि फसतो. कारण तो सरासरीचा आकडा आहे. मिनिटातली पंधराएक सेकंदंच चाप दाबलेला असेल असं धरून काढलेला. चाप दाबलेला असतो तेव्हा हीच गन 20 सीएफएमच्या घरात हवा ओढते, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा लिटर.

दुसऱ्या बाजूला कॉम्प्रेसरचा आकडाही सरळ नसतो. पुष्कळदा पाटीवर छापलेलं असतं ते पिस्टनचं विस्थापन. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा त्याच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश. दोन एचपीचा कॉम्प्रेसर मिनिटाला दीडशे लिटरच्या आसपास हवा खरोखर देतो. सेकंदाला अडीच लिटर. गनला हव्यात दहा.

म्हणजे कॉम्प्रेसर अपुरा आहे का? कागदावर तसं दिसतं, पण मधे टाकी आहे. टाकी 100 लिटरची आणि दाब 8 बार असेल, तर दाब 6 बारवर उतरेपर्यंत तिच्यातून साधारण 200 लिटर हवा मिळते. 6 बार, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 90 पौंड. बहुतेक गन याच दाबासाठी बनवलेल्या असतात. 200 लिटर म्हणजे वीस सेकंद चाप. ढिला होऊन फिरत बाहेर येईपर्यंत एक नट तीनेक सेकंद घेतो. म्हणजे मोटर बंद असली तरी सहा नट निघतात. चार चाकांचे सोळा नट खोलायला पावणेपाचशे लिटर हवा पुरे, आणि जॅक फिरवण्यात, चाक उतरवण्यात जी दहा मिनिटं जातात तेवढ्यात दोन एचपीचा कॉम्प्रेसर दीड हजार लिटर भरून देतो.

टायरचं काम तुटक असतं, ही यातली कळीची गोष्ट. रंग फवारायला किंवा पॉलिशचं यंत्र चालवायला सतत हवा लागते; तिथे अश्वशक्ती मोजावी. चाकांसाठी आधी टाकी मोजावी. दोन एचपीला 150 लिटरची टाकी हे जोडकाम चाकांसाठी मला तीन एचपीला 50 लिटरपेक्षा बरं वाटतं. तीन एचपीचा पक्ष घेणाऱ्यांचं म्हणणंही पोकळ नाही. दुकान चाललं की चौथ्या महिन्यात धुलाई आणि रंगाचं काम येतंच, मग पुन्हा कॉम्प्रेसर बदलायचा का, असं ते विचारतात. उलट बाजूला विजेचा प्रश्न आहे. मोटर सुरू होताना पाच ते सात पट करंट ओढते, आणि गावच्या सिंगल फेज लाइनवर संध्याकाळी दाब उतरलेला असताना तीन एचपी उचलतच नाही.

बाजारात आवाज कमी करणारे, बिनतेलाचे 24 लिटरचे कॉम्प्रेसर दिसतात. घरच्या हौशी माणसाची नजर त्यांच्यावर असते. त्यांच्या टाकीतून पाच सेकंदांची हवा मिळते. साधा आवळलेला नट निघेल, मग थांबायचं, टाकी भरू द्यायची, मग दुसरा. गंजलेला नट सलग आठ-दहा सेकंद फटके मागतो, आणि तिथे हे यंत्र धापा टाकतं.

नळीबद्दल जवळजवळ कोणी बोलत नाही, आणि तक्रारी मात्र तिच्यामुळेच येतात. रंगीत गुंडाळीची जी 8 मिमीची नळी मिळते ती बाहेरून 8 असते; आतलं भोक 5 मिमीचं. गनला आतून 10 मिमीची नळी हवी. 5 आणि 10 च्या भोकांच्या क्षेत्रफळात चौपट फरक पडतो. त्यात झटपट जोडायची बारीक कपलिंग तीन-तीन ठिकाणी. टाकीवरचा काटा 8 बार दाखवत असतो आणि चाप दाबल्यावर गनपाशी चारसुद्धा उरत नाहीत. "गन कमजोर निघाली" म्हणून बदलून आणलेल्या कित्येक गना मुळात ठणठणीत असतील. नवी गन घेण्याआधी नळी बदलून बघणं स्वस्त पडतं.

आता पाणी. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात 30 अंशांच्या हवेत घनमीटरमागे पंचवीसेक ग्रॅम वाफ असते. तीच हवा 8 बारपर्यंत दाबून थंड झाली की त्यातले 20-22 ग्रॅम पाणी होऊन बाहेर पडतात. 100 लिटरची टाकी एकदा भरली की पळीभर पाणी तळाशी. दिवसात वीस वेळा भरली तर हिशोब आपला आपण करावा. ते पाणी गनच्या पात्यांना गंजवतं आणि टाकीला आतून खातं. गनचा बिघाड पैशांत भागतो. गंजून पातळ झालेली टाकी फुटली तर माणूस जातो. खालचा ड्रेन कॉक रोज संध्याकाळी उघडायचा आणि गनच्या तोंडात सकाळी तेलाचे चार थेंब टाकायचे, याबद्दल कोणत्याच गोटात मतभेद नाहीत. फक्त ते करतं कोण, हा वेगळा विषय.

बॅटरीवाल्यांचं म्हणणं

गेल्या दशकात चित्र बदललं ते लिथियम बॅटरी आणि ब्रश नसलेल्या मोटरींमुळे. बॉश, मकिता, डीवॉल्ट यांच्या 18 व्होल्टच्या मोठ्या गन आता नट खोलायला हजार न्यूटन-मीटरच्या वर जोर सांगतात. यांचा मुद्दा सोपा: कॉम्प्रेसर नको, नळी नको, पाणी नको, थ्री फेज नको. रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीपाशी गन हातात घेऊन जाता येतं. विजेचा हिशोबही त्यांच्या बाजूचा आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मार्गदर्शक पुस्तिकेनुसार कॉम्प्रेसरला दिलेल्या ऊर्जेपैकी 10 ते 30 टक्केच प्रत्यक्ष कामाच्या जागी पोचते. बाकीची उष्णता, गळती आणि घर्षणात जाते.

हवावाले यावर हसतात आणि टायर दाखवतात. टायरात हवा भरायला कॉम्प्रेसर दुकानात लागणारच आहे. मग त्याच टाकीवर गन चालत असताना वेगळ्या बॅटऱ्या कशाला? हवेची गन दहा-बारा वर्षं टिकते, पडली-आपटली तरी चालते, उघडून पाती बदलता येतात. बॅटरी चार-पाच वर्षांत म्हातारी होते आणि तिची किंमत गनच्या निम्म्याला भिडते. आणखी एक बारकावा फक्त भारनियमन सोसलेल्या माणसाला कळतो: वीज गेली तरी भरलेली टाकी सहा नट खोलून देते.

माझ्या मते दुकानात हवा आणि फिरत्या कामाला बॅटरी, ही वाटणी आजच्या घडीला पटण्यासारखी आहे. पण बॅटऱ्या ज्या वेगाने सुधारताहेत ते पाहता ती किती दिवस टिकेल हे सांगणं अवघड.

बॅटरीची गन घेणाऱ्याने एक फसगत मात्र टाळावी. 18, 20 आणि 21 व्होल्ट या बहुतेक वेळा तीन वेगळ्या बॅटऱ्या नसतातच. आत पाच सेल; कामाच्या वेळी प्रत्येकी 3.6 धरले तर 18, पूर्ण भरल्यावर प्रत्येकी 4.2 धरले तर 21. पाट्या वेगळ्या, माल तोच. बिननावाच्या खोक्यांवर 48 आणि 88 असे जे आकडे छापतात त्यांच्याकडे बघूच नये.

हाताने खोलणारे

हा गट लहान आहे आणि त्याचा आवाज कमी ऐकू येतो. त्यांचा हिशोब असा: घरचा माणूस वर्षातून दोनदा चाकं उतरवतो. दोन फुटी दांडा आणि सहा कोनी गोटी घेतली, की 70 किलोचा माणूस नुसत्या वजनावर 400 न्यूटन-मीटर काढतो. खर्च कॉम्प्रेसरच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नाही. जागा लागत नाही, शेजारी तक्रार करत नाहीत. (गनचा आवाज 90 ते 100 डेसिबलच्या घरात जातो; निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 आहे.) याला विरोध असा कोणाचा नाही. फक्त पाठ दुखणाऱ्यांना आणि वयस्क मंडळींना हे सांगू नये, एवढंच.

आवळताना काय करायचं

इथे आश्चर्य वाटावं इतकं एकमत आहे, आणि इथेच व्यवहार सगळ्यात जास्त बिघडलेला आहे. गन खोलायला उत्तम. आवळताना ती किती आवळते हे चाप किती वेळ दाबला, दाब किती होता, आट्यांना तेल होतं का, यांवर ठरतं. दोन सेकंद जास्त दाबली की 110 चे 250 होतात. मग स्टड (नट ज्यांवर बसतात ते आट्यांचे दांडे) ताणतात, आटे जातात, कधी स्टड तुटतो. नट हाताने लावायचे, समोरासमोरच्या क्रमाने गनने जेमतेम टेकवायचे, चाक जमिनीवर उतरवायचं आणि शेवटचा जोर टॉर्क पान्याने, क्लिक होईपर्यंत. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा तपासायचं.

घाईच्या दुकानांनी मधली वाट काढली ती टॉर्क स्टिकची. गन आणि गोटी यांच्यामध्ये ठरावीक जाडीची लवचीक कांडी. ठरलेल्या जोराच्या वर फटके कांडीच्या पिळात जिरतात. ती पुरेशी आहे का, यावर दोन मतं आहेत. बाजूचे म्हणतात, काहीच नसण्यापेक्षा लाखपट बरं. विरोधक म्हणतात, कांडी एका विशिष्ट ताकदीच्या गनसाठी मोजलेली असते. गन बदलली की आकडा बदलला. दोन्ही खरं आहे. कांडी लावून नंतर टॉर्क पान्याने तपासणारी दुकानं मी पाहिली आहेत, पण मोजायला एक हात पुरतो.

गोट्यांचंही सांगून टाकतो. चकचकीत क्रोमच्या गोट्या हाताच्या पान्यासाठी असतात. गनवर चढवल्या तर फटक्यांनी तडकतात आणि तुकडा उडतो. गनला काळ्या, जाड भिंतीच्या, सहा कोनी गोट्याच लागतात.

अजून न सुटलेलं

पहिली गोष्ट जाहिरातीतल्या आकड्यांची. कोणी खोलताना मिळणारा कमाल जोर छापतो, कोणी आवळतानाचा. कोणी पाच सेकंद फटके देऊन मोजतो, कोणी दहा. दोन गनांच्या खोक्यांवरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे एकाचे पौंड आणि दुसऱ्याचे किलो मोजणं.

दुसरी, आट्यांना तेल किंवा ग्रीस लावावं का. किनारपट्टीवरचे मेकॅनिक लावतात. खाऱ्या हवेत नट जाम होतो हा त्यांचा रोजचा अनुभव. पुस्तिका सहसा कोरड्या, स्वच्छ आट्यांवरचा आकडा देतात. नटावरच्या जोरातला जवळपास 90 टक्के भाग घर्षणात जातो आणि उरलेला दहाएक टक्के चाक धरून ठेवतो. घर्षण थोडं कमी झालं तरी तो उरलेला भाग झपाट्याने वाढतो, आणि तेल लावून तोच आकडा गाठला तर स्टड जास्त ताणतो. चाक ज्या हबवर बसतं त्याच्या तोंडावर ग्रीसचा पातळ हात फिरवावा आणि आटे कोरडे ठेवावेत, हा मधला सल्ला मला पटतो. रत्नागिरीत राहणाऱ्याला तो पुरेल का, याबद्दल मी ठाम नाही.

तिसरी, जास्त आवळल्याने ब्रेकची डिस्क वाकते का. काहींच्या मते असमान आवळण्याने हब आणि डिस्क किंचित तिरकी बसतात आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरू लागतं. दुसरे म्हणतात, 'वाकलेली' म्हणून आलेल्या पुष्कळ डिस्कवर ब्रेक पॅडचा थर असमान चिकटलेला असतो, धातू सरळच असतो. दोन्ही कारणं एकाच गाडीत असू शकतात, त्यामुळे निकाल लागत नाही.

आणि प्रश्नाखालची जमीनच थोडी सरकते आहे. ऑक्टोबर 2020 पासून ट्यूबलेस टायर, टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या मोटारींना स्टेपनी ठेवण्याची सक्ती राहिलेली नाही. स्टेपनीच नसेल तर रस्त्यात चाक खोलण्याचा प्रसंग कमी येईल आणि हे काम हळूहळू दुकानाकडेच जाईल.

गॅरेज टाकणाऱ्याला आज मी सांगेन: दोन ते तीन एचपी, टाकी दीडशे लिटर, आतून 10 मिमीची नळी, दोन हातोड्यांची अर्धा इंची गन, काळ्या गोट्या, आणि या सगळ्याच्या आधी टॉर्क पाना. घरच्या माणसाने कॉम्प्रेसरचे पैसे वाचवावेत. दोन फुटी दांडा आणि टॉर्क पाना घ्यावा. आणि दोघांनाही एक विनंती. टायरच्या दुकानातून गाडी घरी आणलीत की त्याच संध्याकाळी, उजेड असताना, डिकीतला वीतभर पाना काढून प्रत्येक चाकाचा एकेक नट सुटतो का ते बघा. नाही सुटला तर गाडी तशीच परत न्या, आणि नट ढिले करून तुमच्या समोर पुन्हा आवळायला लावा.